कोपऱ्यातला सिलिंडर, अंगणातली पऱ्हाटी

खामगावहून नांदुऱ्याकडे जाताना घराघरांमागे पऱ्हाटीचे ढीग दिसतात. कापूस वेचून झाला की उपटलेली झाडं वर्षभराचं जळण म्हणून रचून ठेवायची, ही बुलडाणा जिल्ह्यातली जुनी रीत. जोडीला तुराट्या, काटक्या, गोवऱ्या. अशाच एका घरी आम्ही चहाला थांबलो. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता, त्यावर धुतलेलं फडकं घातलेलं. आणि चहा उकळत होता बाहेर चुलीवर. “गॅस आहे ना,” आपा हसून म्हणाल्या, “पाहुणे येणार असले की लावते. तुम्ही न सांगता आलात.”

त्यांचे शौहर बाजार समितीत हमाली करतात. मजुरी रोजच्या रोज मिळते, ती रोजच संपते. सिलिंडरचे आठ-नऊशे रुपये मात्र एकदम मोजावे लागतात. गरीब घराची खरी अडचण इथं आहे. 2016 साली उज्ज्वला योजना आली, जोडणीचा खर्च सरकारने उचलला आणि लाखो घरांत शेगडी पोहोचली. पुढचं सिलिंडर भरायचं कशातून, हा प्रश्न तसाच राहिला. मग 2022 मध्ये उज्ज्वलाच्या जोडणीवर सिलिंडरमागे 200 रुपये सबसिडी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती 300 झाली. राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. पण इथंही आधी पूर्ण पैसे द्यायचे आणि परतावा नंतर बँकेत. ज्याच्या हातात आज नऊशे नाहीत, त्याला उद्या मिळणाऱ्या परताव्याचा काय उपयोग?

तरीही हक्क सोडू नये. अन्नपूर्णासाठी जोडणी बाईच्या नावावर लागते. शौहरच्या किंवा मरहूम सासऱ्यांच्या नावावर असेल तर एजन्सीत जाऊन ती बदलून घ्यावी. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. अनेक भगिनींची दोन-तीन खाती असतात आणि आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलंय तेच माहीत नसतं. आलेले पैसे “आलेच नाहीत” असं वाटत राहतं. एकदा बँकेत विचारून घ्यावं. उज्ज्वलाच्या घरांना 14.2 किलोऐवजी 5 किलोचं घरगुती सिलिंडरही घेता येतं, सबसिडी त्या प्रमाणात मिळते. हप्त्याहप्त्याने कमावणाऱ्याला ते झेपतं. मात्र तीन मोफत सिलिंडर 14.2 किलोच्याच जोडणीवर आहेत, तेव्हा हिशेब करूनच बदल करावा. दुकानात पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारं छोटं सिलिंडर वेगळं. ते किलोमागे महाग पडतं.

चूल फुकट आहे असं म्हणतात. धुराची किंमत आपांच्या खोकल्यात ऐकू येत होती, ते असो. पण पऱ्हाटीसुद्धा आता पूर्वीइतकी हाताशी राहिलेली नाही. 2017 मध्ये शेंदरी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला. अळी वाळक्या पऱ्हाटीत टिकून राहते, म्हणून ती साठवू नका, शेतातच बारीक करून टाका, असं कृषी विभाग सांगतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने सल्ला बरोबरच. पण ज्याचं शेत नाही, त्याच्या चुलीचं जळण त्यात जातं.

विजेच्या बिलात वेगळाच घोळ. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं स्वस्त. त्यापुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट. 101वं युनिट झालं की सगळंच बिल महाग होतं, ही समजूत चुकीची आहे; वरचीच युनिटं महाग होतात. पण ही पायरी मीटरमागे असते, कुटुंबामागे नाही. एकाच मीटरवर तीन भावांची तीन घरं चालतात, तिथं तिघंही महागड्या पायरीवर जातात. वेगळं रेशनकार्ड, वेगळा स्वयंपाक असेल तर वेगळ्या मीटरची चौकशी करावी. भाडेकरूंचं हाल तर विचारूच नका: घरमालक सबमीटरवर एकच चढा दर लावतो आणि स्वस्त पायरी त्यांच्या वाट्याला येतच नाही.

उन्हाळ्यात पंखा चैनीचा नसतो. 75 वॅटचा साधा पंखा रोज सोळा तास फिरला तर महिन्याला 36 युनिटं खातो. 30 वॅटचा बीएलडीसी पंखा साधारण 14. तो महाग आहे, म्हणून जुना बिघडेल तेव्हाच बदलावा. ज्यांचं स्वतःचं पक्कं छत आहे, त्यांच्यासाठी पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजारांचं अनुदान आहे. भाड्याच्या खोलीला त्याचा उपयोग नाही.

रमजानमध्ये मोहल्ल्यात रेशन किट वाटले जातात. पीठ, तेल, डाळ, खजूर सगळं असतं. सहेरीला पहाटे चार वाजता ते शिजवायचं कशावर, हे कुणी विचारत नाही. जकात देणाऱ्यांनी एखाद्या बेवेच्या घरचं सिलिंडर भरून दिलं, थकलेलं बिल भरून मीटर वाचवलं, तर ती मदत किटपेक्षा लहान नाही.

मलकापुरात एका गल्लीत नऊजणींची गॅसची भिशी आम्ही पाहिली. प्रत्येकीने दर जुम्म्याला शंभर रुपये द्यायचे, आठवड्याला एकीचं सिलिंडर भरायचं. व्याज नाही, बोली नाही. सबसिडी खात्यात आली की तिचे पुढचे तीन हप्ते त्यातूनच निघतात. चिठ्ठ्या डब्यात टाकतात, पण ज्या घरी बाळंतपण असेल त्या घराचा नंबर चिठ्ठीविना पहिला. आम्ही गेलो त्या जुम्म्याला चिठ्ठी काढलीच नव्हती.