कपाट उघडा! घरच्या ग्रंथालयाच्या तेरा चटपटीत गोष्टी

पुस्तकं जमवायला हौस लागते, ती टिकवायला सवय लागते. आणि ती सवय अगदी साधी आहे: पुस्तकं सतत हाताळायची. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह असो की दोन खोल्यांच्या घरातली एकच फळी, नियम सगळीकडे तोच. तो समजावून सांगणाऱ्या या तेरा गोष्टी.

१. पुस्तकांसाठी बांधलेलं घर
दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं, ते ग्रंथसंग्रहाची सोय डोळ्यांसमोर ठेवूनच. हा संग्रह पन्नास हजारांच्या घरात गेल्याचं सांगितलं जातं. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं आणि बाबासाहेबांची बरीच पुस्तकं पुढे तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडली.

२. तंजावरचे वाचक महाराज
तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचं रूप आलं ते भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. काशीयात्रेहून त्यांनी संस्कृत ग्रंथ आणले आणि युरोपातून छापील पुस्तकं मागवली. कितीतरी पुस्तकांवर त्यांची सही आहे. तमिळ मुलखातल्या या संग्रहात मराठी हस्तलिखितंही आहेत आणि मोडी कागदपत्रंही. तुम्हीही पहिल्या पानावर नाव, तारीख आणि गाव लिहा. मात्र शाईऐवजी मऊ पेन्सिल वापरा, म्हणजे अक्षर मागच्या पानावर फुटणार नाही.

३. उंचीप्रमाणे रांग
लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स आपली पुस्तकं विषयाप्रमाणे लावत नसे, आकाराप्रमाणे लावत असे. सगळ्यात लहान पुस्तकाला क्रमांक एक. रांग एकसारखी दिसावी म्हणून बुटक्या पुस्तकांखाली त्याने लाकडी ठोकळेसुद्धा ठेवले. १६६६ साली त्याने नौदलाच्या गोदीतल्या सुताराकडून काचेची कपाटं करून घेतली. मृत्युपत्रातली अट तर कडकच: संग्रहात एकही पुस्तक वाढवायचं नाही, एकही कमी करायचं नाही. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात ती तीन हजार पुस्तकं आजही त्याच शिस्तीत उभी आहेत.

४. स्मृती, बुद्धी, कल्पना
१८१४ साली ब्रिटिश फौजेने वॉशिंग्टन जाळलं आणि अमेरिकी काँग्रेसचं ग्रंथालय भस्मसात झालं. तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आपला घरचा संग्रह देशाला विकला: ६,४८७ पुस्तकं, २३,९५० डॉलर. त्यांनी ती तीन मोठ्या गटांत लावली होती. इतिहास म्हणजे स्मृती, तत्त्वज्ञान आणि शास्त्रं म्हणजे बुद्धी, साहित्य आणि कला म्हणजे कल्पना. सुरुवातीला तुमच्या कपाटालाही हे तीन गट पुरतील.

५. मराठी कादंबरीचा क्रमांक
मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेली दशांश पद्धत आजही असंख्य ग्रंथालयं वापरतात. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. शेवटी १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. म्हणजे मराठी कादंबरी ८९१.४६३! घरी एवढे आकडे नकोतच. ज्या क्रमाने पुस्तक तुम्हाला आठवतं, तोच तुमचा क्रम. कुणाला आधी लेखक आठवतो, कुणाला विषय.

६. फळी पोटात का वाकते?
फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तकं त्याच दाटीने लावली, तर ती दुप्पट वाकत नाही, तब्बल सोळापट वाकते. जाडी दुप्पट केली, तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून सुताराला लांबलचक फळ्यांऐवजी मध्ये उभे आधार द्यायला सांगा. वजनाचाही विचार करा. भारतीय मानकांप्रमाणे घरातली खोली दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, तर ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या खोलीसाठी हा आकडा ६०० किलोंपासून सुरू होतो. भरलेली कपाटं खोलीच्या मधोमध नकोत, भिंतीलगत बरी.

७. कसर: बिनपंखी खवय्या
कपाटातून सुळकन पळणारी चंदेरी कसर कायम बिनपंखाचीच राहते आणि मोठी झाल्यावरही कात टाकत राहते. तिला खरी आवड पिठूळ पदार्थांची, म्हणून बांधणीतली खळ आणि कागदावरची कांजी ती आधी फस्त करते. अन्नाविना ती महिनोन्‌महिने तग धरते. तिला हवा असतो दमटपणा, अंधार आणि निवांतपणा. यातला निवांतपणा आपण फुकटात हिरावून घेऊ शकतो. महिन्यातून एकदा पुस्तकं काढा, झटका, पुसा, चाळा.

८. ग्रंथालयातली वटवाघळं
पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या अठराव्या शतकातल्या जोआनिना ग्रंथालयात वटवाघळांचा मुक्काम असतो. रात्री ती कपाटांभोवती फिरून किडे खातात. त्यांची विष्ठा पडू नये म्हणून कर्मचारी संध्याकाळी जुनी टेबलं चामड्याने झाकतात आणि सकाळी झाडलोट करतात. आपल्याकडच्या पोथ्यांना कापडी बासनाचं कवच मिळालं आणि जोडीला वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाची पानं. बासनाचा मोठा गुण म्हणजे त्याने धूळ आणि उजेड अडतो, पण हवा खेळती राहते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल आतच कोंडते.

९. पुस्तक जातं फ्रीजरमध्ये
कीड लागलेल्या पुस्तकांवर संग्रहालयं औषध फवारण्यापेक्षा थंडीचा उपाय पसंत करतात. पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेवलं की अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी सुटतं. एक दिवस तशीच राहू द्यायची. चामडी बांधणीच्या किंवा दुर्मीळ पुस्तकांवर मात्र हा प्रयोग घरी करू नका, जाणकाराला विचारा. आणि बुरशी थंडीने मरत नाही, फक्त थबकते.

१०. पावसाळ्याची परीक्षा
हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीला आमंत्रण. कोकणात आणि गोव्यात तर पावसाळ्यातले कित्येक आठवडे ती याहून वर असते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बाहेरच्या बाजूने पाऊस झेलणाऱ्या भिंतीला ते टेकवूच नका. पुस्तकं दाटीने कोंबू नका. कोरड्या दिवशी दारं उघडून पंखा लावा.

११. जुन्या पानांचा वास
लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं. उजेड आणि हवेने ते बदलतं, आणि पान पिवळं पडतं. त्याच्या विघटनातून व्हॅनिलाच्या गंधाचं रसायनही तयार होतं, म्हणून जुनी पुस्तकं गोडसर दरवळतात. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन आणि आम्ल दोन्ही भरपूर. त्याचं कात्रण पुस्तकात ठेवलं की समोरच्या पानावर तपकिरी डाग उठतो. पिंपळपानही आधी पूर्ण वाळवा आणि कोऱ्या कागदात ठेवा. उन्हात लाल आणि पिवळे रंग लवकर उडतात, निळा टिकतो. खिडकीजवळच्या पुस्तकांचे कणे निळसर का दिसतात, ते कळलं ना?

१२. दिवाळी अंकांचं काय करायचं?
काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी घरांत अंकांचे ढीग वाढतच आहेत. अंकांचा कणा नाजूक असतो, उभे ठेवले की ते मान टाकतात. वर्षवार गठ्ठे करून आडवे ठेवा. लोखंडी पिना गंजतात आणि कागद खातात, तेव्हा त्या काढून सुती दोऱ्याने टाका घाला. रबरबँड नकोच, ते वितळून चिकटतात. फाटल्या पानाला सेलोटेपही नको, गव्हाची पातळ खळ आणि पातळ कागद उत्तम.

१३. पुस्तकं बाहेर पडू द्या
मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधत, आणि साखळी अडकू नये म्हणून कणा आत, पानांची कड बाहेर ठेवत. आज साखळीचं काम एक वही करते: पुस्तक, कुणी नेलं, कधी नेलं, कधी आलं. एवढी नोंद असली की बिनधास्त उसनं द्या. देणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. रा. गो. भांडारकरांचा संग्रह पुण्याच्या भांडारकर संस्थेत गेला, तर दा. ध. कोसंबींचा गोवा विद्यापीठात. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या आणि पाहुणा कुठल्याही घरी जाऊन पुस्तक हातात घेऊ लागला.

कसर पळवायची असो, बुरशी रोखायची असो की वाचक घडवायचा असो, औषध तेच: पुस्तक कपाटाबाहेर यायला हवं. येत्या रविवारी एकच फळी रिकामी करा. पुस्तकं पुसा, वहीत नोंदवा, आणि त्यातलं एक शेजारच्या मुलाला वाचायला द्या. पुढच्या रविवारी दुसरी फळी.