सच्छिद्र नॅनोकण आणि कर्करोग

मोजमाप : १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. २ नॅनोमीटरहून लहान छिद्रे सूक्ष्म, २ ते ५० मध्यम, त्याहून मोठी स्थूल. औषध भरण्यासाठी बहुधा मध्यम छिद्रे निवडतात.

सिलिका : मध्यम छिद्रांची ‘एमसीएम-४१’ मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये जाहीर केली. एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १,००० चौरस मीटर! २००१ मध्ये तिच्यात आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक भरून ते सावकाश सोडून दाखवले गेले.

एमओएफ : मेटल-ऑर्गेनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू यांची सच्छिद्र जाळी. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल यासाठीच : सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन, ओमर याघी.

उपचार : रक्ताचा सामू सुमारे ७.४, गाठीभोवती तो अनेकदा कमी, म्हणजे आम्लता जास्त. औषध भरलेल्या छिद्रावरचे झाकण तिथेच उघडेल अशी रचना करता येते.

निदान : कणात लोहाचे ऑक्साइड असल्यास तो एमआरआयमध्ये उठून दिसतो.

गल्लत नको : लायपोसोम ही मेदाची पोकळ कुपी, सच्छिद्र कण नव्हे. तिच्यातील डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली.

वाराणसी : कर्करोगाचे उपचार आणि तंत्रसंस्था इथे एकाच आवारात. शहरात टाटा स्मारक केंद्राची दोन रुग्णालये. लहरतारा येथे होमी भाभा कर्करोग रुग्णालय, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्र (२०१९). त्याच आवारात आयआयटी (बीएचयू). आयआयटीचा दर्जा २०१२ पासून.