पीएच.डी.नंतरची उमेदवारी

रुग्णालयात एमआरआयचे यंत्र येते तेव्हा त्याच्या किमतीची चर्चा होते. ज्या विद्येतून ते यंत्र जन्मले, ती विद्या नव्या पिढीच्या हाती कोणाच्या पैशाने पोहोचते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वस्तुतः हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि अमेरिकेने त्याचे निम्मेच उत्तर दिले आहे.

चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने शरीराची प्रतिमा घेण्याचे शास्त्र कोणा एका विद्याशाखेच्या मालकीचे नाही. पॉल लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ, तर पीटर मॅन्सफील्ड भौतिकशास्त्रज्ञ. २००३ साली दोघांना मिळालेले नोबेल पारितोषिक मात्र वैद्यकशास्त्राचे. याच मॅन्सफील्ड यांनी पीएच.डी.नंतर, १९६२ ते १९६४ या काळात, इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स स्लिक्टर यांच्याकडे पुन्हा शिष्यत्व पत्करले होते. पदवी हाती असूनही केलेली ही उमेदवारी या क्षेत्रात हौसेची बाब नाही, अपरिहार्यता आहे. भौतिकशास्त्राच्या पदवीधराला मेंदूची रचना ठाऊक नसते. शरीरक्रियाशास्त्रज्ञाला रेडिओलहरींचे गणित परके असते. तीन टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनची अणुकेंद्रे सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या लहरींना प्रतिसाद देतात. त्या लहरींचे स्पंद कोणत्या क्रमाने सोडावेत, त्यांनी रुग्णाचे शरीर किती तापेल, संकेत टिपणारे वेटोळे कसे बांधावे, श्वासाबरोबर हलणाऱ्या यकृताची प्रतिमा धूसर का येते, हे सारे पुस्तकात लिहिलेले आहे, पण पुस्तकातून येत नाही. ते यंत्रापाशी रात्री जागवून हाताला येते. चुंबक अहोरात्र जागा असतो, हा पहिला धडाही तेथेच गिरवावा लागतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्राकडे खेचला जाऊन एका तरुणाचा बळी गेला, तो या धड्याच्या विस्मरणामुळेच.

असे शिक्षण दोन-तीन वर्षे चालते. त्याचा खर्च कोणी सोसावा? गॅरी बेकर यांनी १९६४ साली मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, जे कौशल्य कामगार कोठेही घेऊन जाऊ शकतो, त्याचा खर्च मालक करीत नाही. शिकणाराच तो कमी वेतनाच्या रूपाने भरतो. पीएच.डी.नंतरच्या संशोधकाची कहाणी नेमकी हीच आहे. प्राध्यापकाच्या संशोधन-अनुदानातून त्याला वेतन मिळते, म्हणून त्या प्रकल्पाचे काम उरकणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते. वेटोळ्यांच्या प्रकल्पावर नेमलेला तरुण तीन वर्षे वेटोळीच बांधतो. त्याला शिकाऊ म्हणतात; प्रत्यक्षात तो स्वस्त आणि सुशिक्षित मजूर असतो.

यावर तोड म्हणून अमेरिकन संसदेने १९७४ साली राष्ट्रीय संशोधन सेवा शिष्यवृत्तीचा कायदा केला. २००२ पासून या शिष्यवृत्तीला रूथ कर्श्टाइन यांचे नाव आहे. प्रशिक्षणाचे अनुदान विद्यापीठाला मिळते. त्यावरील उमेदवार एका प्रकल्पाला जुंपलेला नसतो; तो अभ्यासक्रम घेऊ शकतो, रुग्णालयात डॉक्टरांबरोबर बसू शकतो. परतफेडीची अट तर मोठी मार्मिक आहे. पहिल्या बारा महिन्यांतील प्रत्येक महिन्यासाठी एका महिन्याच्या सेवेचे ऋण चढते. पण तेराव्या महिन्यापासून चालू राहिलेले प्रशिक्षणच सेवा म्हणून धरले जाते. दुसरे वर्ष पुरे करणारा ऋणमुक्त होतो. अर्धवट सोडून जाणाऱ्याने संशोधन वा अध्यापन करून फेडावे, नाहीतर व्याजासह रोख भरावे. सावकारी न करता विद्यार्थ्याला विद्येशी बांधून ठेवणारा असा करार क्वचितच आढळेल.

परंतु रक्कम अपुरी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या सल्लागार गटाने किमान ७०,००० डॉलरची शिफारस केली. २०२४ सालासाठी नवोदिताला ठरले ते वर्षाला ६१,००८ डॉलर. आणखी गमतीची गोष्ट अशी की, हा उमेदवार नोकर गणला जात नसल्याने अनेक विद्यापीठांत निवृत्तिवेतनासारख्या सवलतींनाही मुकतो.

याहून मोठी उणीव दारातच आहे. या अनुदानाचा लाभ केवळ अमेरिकन नागरिकांना व तेथील कायम रहिवाशांना मिळतो. त्या देशातील पीएच.डी.नंतरच्या संशोधकांत मात्र निम्म्याहून अधिक लोक तात्पुरत्या परवान्यावर आलेले परदेशी आहेत, आणि त्यांत भारतीयांची संख्या लक्षणीय आहे. म्हणजे ज्यांच्या श्रमावर प्रयोगशाळा चालतात, त्यांच्या वाट्याला प्रशिक्षण नव्हे, प्रकल्पच येतो. अमेरिकन करदात्याने परक्यांच्या शिक्षणाचा भार का उचलावा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण त्यांच्या श्रमाचे फळ तोच करदाता घेतो, हे त्यात सोयीस्करपणे विसरले जाते.

भारताने याकडे आपल्या हिशेबाने पाहिले पाहिजे. एस. एस. धर्माधिकारी नव्हे, एस. एस. धर्मट्टी हे नाव आज किती जणांना आठवते? १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह त्यांनी अल्कोहोलच्या एका रेणूतून तीन निरनिराळे संकेत वेगळे करून दाखवले, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला. त्यांनी विद्येचा एक तुकडा आणला नाही. सबंध विद्याच आणली. आज मुंबईचीच समीर ही संस्था देशी बनावटीच्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रावर काम करीत आहे. चुंबकापासून प्रतिमेपर्यंत सारे जाणणारी माणसे तिला हवी आहेत. आपल्याकडे पीएच.डी.नंतरच्या संशोधकाला दोन वर्षांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळते खरी, पण ती व्यक्तीला मिळते. भौतिकशास्त्रज्ञ, अभियंते आणि डॉक्टर यांना एका यंत्राभोवती बसवून शिकवण्यासाठी संस्थेला दिलेले अनुदान ही निराळी गोष्ट आहे. एका यंत्रावरील रात्रीचे रिकामे तास आणि दहा-बारा उमेदवारांचे विद्यावेतन, एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो.