पडद्यावरील चित्र व कागदावरील चित्र

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखाचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला. पुढें तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरला. एका अंकानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें! दगडावरील रेघ नीट दिसणें किती अगत्याचें आहे, हें यावरून कळेल. परंतु त्या काळ्या पाषाणाचें छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर स्पष्ट दिसतें आणि छापतांच काळवंडतें. असें कां व्हावें?

पडदा स्वतः प्रकाश देतो. तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळून तो सारे रंग घडवितो. कागदास स्वतःचें तेज नाहीं. त्यावरील आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी शाई पडलेल्या प्रकाशाचा कांहीं भाग शोषून घेते व उरलेला परत पाठविते. म्हणून पडद्यावरील सर्वच रंग शाईनें साधत नाहींत.

यास्तव आम्ही विद्यार्थ्यांस असें सुचवितों कीं, पडद्याचें तेज प्रथम कमी करावें. त्यावरील पांढरा भाग शेजारीं धरलेल्या कोऱ्या कागदाइतकाच उजळ दिसावा. मग चित्रांतील छायेचा भाग किंचित् उजळावा, लहानसा नमुना छापून तो दिवसाउजेडीं पारखावा, आणि त्यानंतरच मोठी प्रत काढावी.

पावसापाण्यानें शिल्पें झिजतात. त्यांची साक्ष पुढील पिढीस द्यावयाची, तर ती काळ्या डागाची नसावी.