एडिंबरा : दाटीतून घडलेलं शहर

एडिंबराच्या जुन्या शहराची आखणी माणसांच्या कितीतरी आधी बर्फाने करून ठेवली होती. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी एका ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा थिजला आणि कठीण कातळ तयार झाला. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या हिमनदीला तो फोडता आला नाही. ती त्याच्या दोन्ही अंगांनी जमीन खरवडत पुढे गेली. कातळाच्या आडोशाची पूर्वेकडची माती तेवढी वाचली आणि तिचा एक अरुंद, उतरता कणा शिल्लक राहिला. त्या कण्याच्या पश्चिम टोकाला कड्यावर किल्ला आहे, पूर्वेला पायथ्याशी होलीरूडचा राजवाडा, आणि दोघांना जोडणारा सुमारे १.८ किलोमीटरचा रस्ता म्हणजे प्रसिद्ध ‘रॉयल माइल’. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लगेच उतार लागतो. पसरायला जागाच नाही.

स्कॉटलंडच्या या राजधानीचा इतिहास बहुतेक वेळा राजे, राण्या आणि लढाया यांच्या अंगाने सांगितला जातो. ते साहित्य भरपूर आहे, यात शंका नाही. पण हे शहर आज जसं दिसतं तसं का दिसतं, याचं उत्तर सिंहासनापाशी मिळत नाही. ते मिळतं दाटीत. कोणाला किती जागा मिळाली, कोणाला नाकारली गेली, आणि कोसळलेल्या घरांमधून शहर काय शिकलं, यातून एडिंबरा घडलं.

तरीही सुरुवात किल्ल्यापासूनच करावी लागते. किल्ल्यातलं सेंट मार्गारेटचं छोटं प्रार्थनाघर ही शहरातली सर्वांत जुनी उभी वास्तू. पहिल्या डेव्हिड राजाने ते ११३०च्या सुमारास आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलं. मार्च १३१४मध्ये थॉमस रँडॉल्फ या स्कॉट सरदाराने सुमारे तीस माणसं घेऊन रात्री उत्तरेचा कडा चढून हा किल्ला इंग्रजांकडून परत मिळवला. वाट दाखवणारा विल्यम फ्रान्सिस या किल्ल्यावर पूर्वी राहिलेला होता, त्यामुळे कड्यावरची पायवाट त्याला ठाऊक होती. आत ‘मॉन्स मेग’ ही सहा टनांची अजस्र तोफ आहे. १४४९मध्ये आजच्या बेल्जियममध्ये घडवलेली आणि १६८१मध्ये सलामी देताना नळी फुटलेली. १८६१पासून दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ डागली जाते. तिचा हेतू बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत हा होता. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडले तर ती आजही वाजते.

खरी गोष्ट तोफेच्या खाली, रस्त्यावर सुरू होते. १५१३मध्ये फ्लॉडनच्या लढाईत चौथा जेम्स राजा मारला गेला. इंग्रज शहरावर चालून येतील या धास्तीने एडिंबराने नवा तट बांधायला घेतला. हल्ला काही झाला नाही, तट मात्र राहिला, आणि पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं लोक त्याच्या आत राहिले. लोकसंख्या वाढत गेली तसे मजल्यांवर मजले चढले. रस्त्यावरून पाच-सहा मजली दिसणारी इमारत मागच्या उताराकडून दहा मजल्यांच्याही वर जाई. रॉयल माइलच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारखे अरुंद बोळ निघत. त्यांना ‘क्लोज’ म्हणतात. एकाच जिन्यावर सगळे थर नांदत. मधल्या, बऱ्या मजल्यांवर सरदार, न्यायाधीश, व्यापारी. अगदी तळाशी आणि अगदी वर गरीब. रात्री ‘गार्डीलू’ अशी आरोळी ठोकून सांडपाणी आणि मैला खिडकीतून खाली ओतला जाई. तो उतारावरून वाहत उत्तरेकडच्या नॉर लॉक तळ्यात साचे. आज तिथे प्रिन्सेस स्ट्रीटची रम्य बाग आहे.

या दाटीचा एक नमुना डोळ्यांनी पाहता येतो. थॉमस ग्लेडस्टेन्स या व्यापाऱ्याने १६१७मध्ये विकत घेतलेली ‘ग्लॅडस्टोन्स लँड’ ही सहा मजली इमारत. वर भाडेकरू, आत रंगवलेली लाकडी छतं. १९३४मध्ये ती पाडायची ठरली होती. स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने विकत घेऊन वाचवली.

दुसरा नमुना जमिनीखाली आहे. मेरी किंग्ज क्लोज हा गजबजलेला बोळ १६४५च्या प्लेगमध्ये होरपळला. पुढे १७५३ ते १७६१ या काळात त्याच्यावर व्यापाऱ्यांसाठी रॉयल एक्सचेंजची भव्य इमारत उठली. जुन्या घरांचे वरचे मजले उतरवले आणि खालच्या खोल्या पायासारख्या वापरल्या. आज पर्यटकांना तिथे भुतांच्या गोष्टी ऐकवल्या जातात. त्या ऐकायला हरकत नाही, पण खरा थरार वेगळाच आहे. एका शहराने आपलीच राहती घरं पायात घालून वर नवी इमारत चढवली, यापेक्षा दाटीचा मोठा पुरावा कुठे मिळणार?

१७०७मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या संसदा एक झाल्या. राजा आधीच, १६०३मध्ये, लंडनला गेला होता. शहराची रया जाईल असं अनेकांना वाटत होतं. १७५१मध्ये एक सहा मजली इमारत ढासळली, आसपासच्या इमारतींची तपासणी झाली आणि कित्येक पाडाव्या लागल्या. लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणजे नगरप्रमुख असलेल्या जॉर्ज ड्रमंड यांच्या पुढाकाराने १७५२मध्ये शहर तटाबाहेर नेण्याचे प्रस्ताव छापून आले. नॉर लॉक तळं उपसायला १७५९मध्ये सुरुवात झाली. उत्तरेकडे जाणारा नॉर्थ ब्रिज १७६३पासून बांधला जाऊ लागला. १७६९मध्ये त्याचा काही भाग कोसळून पाच माणसं दगावली. काम थांबलं नाही. १७७२मध्ये पूल वाहतुकीला खुला झाला.

पुलापलीकडच्या नव्या शहरासाठी १७६६मध्ये स्पर्धा घेण्यात आली. ती जेम्स क्रेग या तरुण वास्तुकाराने जिंकली. त्याचा आराखडा अगदी साधा होता : तीन समांतर रस्ते, दोन टोकांना दोन चौक. प्रिन्सेस स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट या बाहेरच्या रस्त्यांवर एकाच बाजूला घरं, म्हणजे समोर मोकळं आकाश. शतकानुशतकं समोरच्याच्या भिंतीकडे पाहत जगलेल्या शहराला ही चैन होती. पाया खोदून निघालेली माती मधल्या दरीत टाकता टाकता ‘द माउंड’ हा अख्खा बांध तयार झाला. त्यासाठी सुमारे १५ लाख गाड्या माती लागल्याचं सांगतात.

नव्या शहरातही जागा सत्तेप्रमाणेच वाटली गेली. क्रेगने सेंट अँड्र्यू चौकात चर्चसाठी ठेवलेली मोक्याची जागा सर लॉरेन्स डंडास या धनाढ्याने पटकावली आणि तिथे स्वतःचा वाडा बांधला. त्याच चौकाच्या मधोमध, उंच स्तंभावर उभे आहेत हेन्री डंडास. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे ते १७८४पासून प्रमुख सदस्य आणि १७९३ ते १८०१ अध्यक्ष होते. पुण्यात नाना फडणवीस कारभार पाहत असताना कंपनीचं धोरण ज्या टेबलावर ठरत होतं, त्या टेबलाच्या शीर्षस्थानी हा एडिंबराचा वकील होता. हिंदुस्थानातल्या नोकऱ्यांचं वाटप करून त्यांनी स्कॉटलंडमध्ये आपलं राजकीय बळ बांधलं. गुलामांचा व्यापार बंद होण्यास विलंब झाला त्यातली त्यांची भूमिका सांगणारा फलक आता स्तंभापाशी लावण्यात आला आहे. तो लागायला २०२१ साल उजाडलं.

याच काळात डेव्हिड ह्यूम, अॅडम स्मिथ, जेम्स हटन, जोसेफ ब्लॅक ही विचारवंत आणि शास्त्रज्ञ मंडळी या शहरात एकमेकांच्या घरी जेवत, वाद घालत होती. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे पहिले भाग १७६८मध्ये इथेच छापले गेले. हटन यांनी शहरालगतच्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्यातले थर पाहून पृथ्वीच्या अफाट वयाचा विचार मांडला.

प्रिन्सेस स्ट्रीटवरचं स्कॉट स्मारक सगळेच पाहतात. ६१ मीटर उंच, २८७ पायऱ्यांचं हे शिखर कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांचं. ते रचणाऱ्याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. जॉर्ज मीकल केम्प हा मेंढपाळाचा मुलगा, पेशाने सुतार, वास्तुकलेचं औपचारिक शिक्षण न घेतलेला. देशोदेशीची जुनी चर्चेस पायी हिंडून पाहिली, त्यांची चित्रं काढली आणि तो शिकला. १८४४मध्ये, काम पुरं होण्याआधीच, एका धुक्याच्या संध्याकाळी तो कालव्यात पडून बुडाला. स्मारकाचं उद्घाटन १८४६मध्ये झालं.

श्रीमंत पुलापलीकडे गेले आणि जुनं शहर गरिबांच्या वाट्याला आलं. एकेका दिवाणखान्यात कुटुंबंच्या कुटुंबं राहू लागली. २४ नोव्हेंबर १८६१च्या मध्यरात्रीनंतर रॉयल माइलवरच्या पेझली क्लोजजवळची जुनी इमारत तळापर्यंत कोसळली. ३५ माणसं मेली. ढिगारा उपसणारे थकून थांबायच्या बेतात असताना आतून एका मुलाने, आपण अजून जिवंत आहोत, ओढत राहा, असं ओरडून सांगितलं. तो वाचला. आज त्या बोळाच्या तोंडावर दगडात कोरलेला त्याचा चेहरा आणि त्याचे शब्द आहेत. एडिंबरातली सर्वांत मोलाची वास्तुखूण कोणती असं विचारलं, तर किल्ल्याआधी या चेहऱ्याकडे बोट दाखवायला हवं. कारण इथून शहराचा कारभार बदलला. पुढच्याच वर्षी डॉ. हेन्री लिटलजॉन यांची आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. स्कॉटलंडमधली ही अशी पहिली नेमणूक. १८६५च्या अहवालात त्यांनी बोळाबोळाची दाटी, घाण आणि मृत्यू आकड्यांत मांडले. १८६७मध्ये शहरसुधारणेचा कायदा आला, आणि जुने बोळ पाडून रुंद रस्ते काढायला सुरुवात झाली.

जागा नाकारण्याची दुसरी गोष्ट वर्गातली आहे, आणि ती थेट मुंबईपर्यंत येते. १८६९मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक, एडिथ पेची आणि त्यांच्या सोबतिणींनी एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश घेतला. या सातजणी ‘एडिंबरा सेव्हन’ म्हणून ओळखल्या जातात. एडिथने रसायनशास्त्रात मिळवलेली होप शिष्यवृत्ती ती स्त्री म्हणून तिला दिली गेली नाही. १८ नोव्हेंबर १८७० रोजी सर्जन्स हॉलमध्ये परीक्षेला निघालेल्या या मुलींवर जमावाने चिखलफेक केली, फाटक लावून घेतलं, परीक्षेच्या दालनात मेंढी घुसवली. १८७३मध्ये न्यायालयानेही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पदवी न मिळताच त्या बाहेर पडल्या. विद्यापीठाने ती दिली २०१९मध्ये, सातहीजणींच्या मृत्यूनंतर.

एडिथ पेची अन्यत्र शिकून डॉक्टर झाल्या आणि १८८३मध्ये मुंबईला आल्या. स्त्रियांच्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली. बालपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबईत गाजत होता, तेव्हा पेची त्यांच्या पाठीशी ठाम उभ्या राहिल्या. रखमाबाई वैद्यक शिकायला विलायतेला गेल्या. १८९४मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधल्या वैद्यकीय मंडळांची पात्रता मिळवली आणि पुढची अनेक वर्षं सुरत, राजकोटमध्ये स्त्रियांवर उपचार केले. एडिथला पदवीविना पाठवणाऱ्या शहराचं नाव तिच्याच आधाराने पुढे गेलेल्या मुंबईच्या मुलीच्या पात्रतेत आलं. हा दुवा मराठी वाचकाने विसरू नये.

मुंबईचा दुसरा दुवा पॅट्रिक गेडीस यांचा. पाडापाडीचा सपाटा सुरू असताना हे जीवशास्त्रज्ञ १८८६मध्ये नवपरिणीत पत्नी अॅना यांच्यासह जेम्स कोर्ट या बकाल वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना लावला, बोळ साफ केले, रिकाम्या कोपऱ्यांत बागा केल्या. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : अख्खी वस्ती सपाट करू नका, कुजलेलं तेवढं काढा, हवा-उजेड आत येऊ द्या, माणसं तिथेच राहू द्या. किल्ल्यालगतची पांढऱ्या भिंतींची, लाल कौलांची रॅमसे गार्डन ही देखणी वसाहत त्यांच्याच खटपटीने १८९०च्या दशकात उभी राहिली. शेजारच्या आउटलुक टॉवरवर त्यांनी १८९२पासून शहराचं संग्रहालय मांडलं. वर कॅमेरा ऑब्स्क्युरामध्ये जिवंत शहर पाहायचं आणि एकेक मजला उतरत स्कॉटलंड, युरोप, जग समजून घ्यायचं.

१९१४मध्ये गेडीस हिंदुस्थानात आले. नगररचनेचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवलं. त्यांनी नव्याने साहित्य जमवलं आणि मद्रासला प्रदर्शन भरवलं. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी १९१८मध्ये दोन खंडांचा अहवाल लिहिला. तिथली एक हकीकत आवर्जून सांगायला हवी. शहर प्लेगने गांजलं होतं. गेडीस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची जुनी वाट बदलली आणि जी वस्ती सर्वांत स्वच्छ होईल तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. घरोघरी झाडलोट, डागडुजी सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाचं स्थान होतं, आणि प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा जाळण्यात आला.

१९१९मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र विभाग सुरू केला आणि गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी. त्यांनी १९२४मध्ये या विभागाची सूत्रं हाती घेतली आणि भारतीय समाजशास्त्राची पायाभरणी केली.

एडिंबराचं जुनं आणि नवं शहर १९९५पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने किल्ला जरूर पाहावा. पण उतरताना बोळांमध्ये वळावं : जेम्स कोर्टमध्ये थांबावं, पेझली क्लोजच्या तोंडावरचा चेहरा पाहावा, आणि गेडीस यांनी विद्यार्थ्यांसाठी वाचवलेल्या रिडल्स कोर्टमध्ये जावं. सोळाव्या शतकातली ती वास्तू दुरुस्त होऊन २०१७पासून गेडीस यांच्या नावाचं शिक्षण केंद्र म्हणून चालते.