जॅक वाढवले म्हणून चॅनेल वाढत नाहीत

बंगळुरात चामराजपेटेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीच्या सुमारास मांडव पडतो आणि पुढे कित्येक आठवडे तिथे संध्याकाळी गाणं होतं. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ साली सुरू केलेल्या श्री रामसेवा मंडळीचा हा उत्सव. मुळात कर्नाटक संगीताचा, पण हिंदुस्थानी कलावंतांनाही हे व्यासपीठ नवं नाही. सवाई गंधर्व महोत्सवाची सवय असलेल्या मराठी रसिकाला इथे परकं वाटत नाही.

अशा उत्सवात साउंडवाल्याचं गणित रोज बदलतं. साधी कचेरी असेल तर गायक, व्हायोलिन, मृदंगाच्या दोन तोंडांना दोन, घटम आणि तंबुरा अशा सहा माईकांत काम भागतं. दुसऱ्या दिवशी कर्नाटक-हिंदुस्थानी जुगलबंदी असली की दोन गायक, व्हायोलिन, हार्मोनियम, मृदंगाला दोन, तबला-डग्ग्याला दोन, घटम, दोन तानपुरे, मागे बसलेले दोन शिष्य आणि निवेदक. झाले चौदा. त्यात मोरसिंग आलं, लॅपटॉपच्या दोन लाइन आल्या की सतरा. म्हणजे सोळाचा मिक्सर संपला. बाहेर जाणाऱ्या लाइनींची रांग वेगळीच : मुख्य स्पीकर, मांडवाच्या मागच्या भागातले स्पीकर, कलावंतांचे मॉनिटर, रेकॉर्डिंग, थेट प्रक्षेपण.

मग कोणीतरी सांगतं, ‘एक स्टेज बॉक्स लावा, वाढतील.’ स्टेज बॉक्स म्हणजे व्यासपीठापाशी ठेवायची जॅकची पेटी; ती एका केबलने मिक्सरला जोडतात. वाढतीलही. पण नेमकं काय वाढेल, हे बॉक्स लावण्याआधी कळलेलं बरं. या बाबतीतले बहुतेक गैरसमज एकाच गोष्टीतून येतात. मिक्सरची क्षमता आपण एका आकड्यात मोजतो, आणि प्रत्यक्षात ते आकडे तीन असतात.

‘सोळाचा मिक्सर म्हणजे सोळा चॅनेल’

पहिला आकडा जॅकचा, म्हणजे माईकचा क्षीण आवाज उचलणाऱ्या प्रीअ‍ॅम्पचा. दुसरा चॅनेलचा, म्हणजे एकाच वेळी किती आवाजांवर मिक्सर स्वतंत्र इक्यू, कॉम्प्रेसर आणि फेडरचं काम करू शकतो याचा. तिसरा बसचा, म्हणजे किती वेगवेगळी मिश्रणं बाहेर काढता येतात याचा. अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये पहिले दोन आकडे जोडीनेच चालत. जॅकच्या खाली त्याचीच पट्टी असे. डिजिटल मिक्सरमध्ये ही गाठ सुटली. कोणता जॅक कोणत्या चॅनेलला द्यायचा हे राउटिंगच्या पानावर ठरतं.

अ‍ॅलन अँड हीथची एसक्यू मालिका पाहा. एसक्यू-५ च्या पाठीवर १६ माईक प्रीअ‍ॅम्प, एसक्यू-६ वर २४, एसक्यू-७ वर ३२. पण तिघांच्याही आत चॅनेल ४८ च. म्हणजे एसक्यू-५ घेतलेल्याला स्टेज बॉक्स लावून खरोखरच ३२ चॅनेलची वाढ मिळते. यामाहाचा सीएल-५ हे याचं टोकाचं उदाहरण : ७२ मोनो आणि ८ स्टिरिओ चॅनेलच्या या भल्यामोठ्या मिक्सरच्या पाठीवर माईकसाठी जागा फक्त आठ. तो स्टेज बॉक्स गृहीत धरूनच बनवला आहे.

आता उलट बाजू. बेहरिंगरच्या पूर्ण आकाराच्या एक्स-३२ वर ३२ प्रीअ‍ॅम्प आहेत आणि आत ३२ पूर्ण चॅनेल, शिवाय आठ ऑक्स-इन, ज्यांच्यावर कॉम्प्रेसर किंवा गेट मिळत नाही. याला ३२ चा स्टेज बॉक्स जोडला तर जॅक ६४ होतील, चॅनेल चाळीसच राहतील. दारं वाढवली म्हणून घराच्या खोल्या वाढत नाहीत, तसंच हे. त्याच मालिकेतल्या १६ प्रीअ‍ॅम्पच्या एक्स-३२ कॉम्पॅक्टला मात्र तोच बॉक्स चांगला उपयोगी पडतो, कारण आतली क्षमता मोठ्या भावाएवढीच आहे आणि अर्धी रिकामी पडलेली आहे. अ‍ॅलन अँड हीथच्याच क्यू-१६ मध्ये पुन्हा जॅक आणि मोनो चॅनेल दोन्ही सोळाच. तिथे स्टेज बॉक्सने जाड मल्टीकोर केबल वाचते, चॅनेल वाढत नाहीत.

केबल वाचणं हासुद्धा मोठा फायदा आहे, हे मान्य. मांडवात प्रेक्षकांच्या मधून तीस-चाळीस मीटर जाड मल्टीकोर ओढण्यापेक्षा एक बारीक केबल कुणालाही बरी. फक्त तो फायदा वेगळा आणि वाढ वेगळी.

‘नेटवर्कचा जॅक आहे ना, मग कुठलाही बॉक्स चालेल’

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. मिक्सरच्या मागे लॅनच्या केबलचा चौकोनी जॅक दिसतो, बॉक्सलाही तसाच दिसतो, केबल दोन्हीकडे टचकन बसते आणि आवाज काही येत नाही. जॅकचा आकार सारखा असतो, आतली भाषा वेगळी. एक्स-३२ आणि मिडासचा एम-३२ ही भावंडं एईएस-५० बोलतात; एका पोर्टमधून ४८ किलोहर्ट्झला ४८ चॅनेल आत आणि ४८ बाहेर. क्यू-१६ डीस्नेक बोलतो. एसक्यूचा एसलिंक पोर्ट डीस्नेक आणि डीएक्स दोन्ही जातींचे बॉक्स ओळखतो. यामाहाचे सीएल आणि क्यूएल दांते बोलतात. सिडनीतल्या ऑडिनेट कंपनीचं हे तंत्र आज अनेक कंपन्यांच्या यंत्रांत सापडतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं जोडायची असतील तर बहुधा दांतेचं कार्ड हाच मार्ग उरतो.

यात एक खास सापळा आहे. बेहरिंगरच्या मिक्सरवर अल्ट्रानेट नावाचा पोर्टही असतो. तो कलावंतांच्या वैयक्तिक मॉनिटरसाठी सोळा चॅनेल फक्त बाहेर पाठवतो. त्यातून माईक आत येत नाहीत. लोकप्रिय एक्सआर-१८ वर हा पोर्ट आहे पण एईएस-५० नाही, त्यामुळे सोळा माईकांच्या या पेटीला स्टेज बॉक्स जोडताच येत नाही. ‘पुढे वाढवू’ म्हणून तो घेतलेल्यांना पुढे नवा मिक्सरच घ्यावा लागतो.

दांते साध्या गिगाबिट स्विचमधून जातं, मात्र स्विचची वीजबचतीची सोय बंद ठेवावी लागते. इंटरनेटची त्याला गरज नाही, आणि मांडवातल्या वाय-फायवरून तो आवाज पाठवायचा विचारही करू नये. टॅबलेटवरून फेडर हलतात तेव्हा वाय-फायवरून फक्त आज्ञा जातात, आवाज नाही. एईएस-५० मध्ये तर बाजारातला सामान्य स्विच लावताच येत नाही. मिक्सरपासून बॉक्सपर्यंत थेट केबल हवी, तीही शिल्ड असलेली. घरगुती राउटरची बिनशिल्डची केबल लावली की कोरड्या हवेत स्थिर विजेच्या एका झटक्यानेही जोडणी क्षणभर तुटू शकते. चामराजपेटेपासून जवळच एस. पी. रोडची इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ आहे. शिल्डची कॅट-५ई केबल आणि धातूचं कवच असलेला कनेक्टर तिथे मागून घ्यावा, दुकानदार देईल ती केबल उचलू नये.

‘आउटपुट कमी पडतात, आठ आउटचा बॉक्स आणा’

इनपुटचा हिशेब लोक करतात तरी, आउटपुटचा कोणी करत नाही. आठ आउटच्या बॉक्समुळे आठ नवे जॅक मिळतात. त्या जॅकवर पाठवायचं काय, हे बस ठरवते. समजा, गायकाला मॉनिटरमध्ये तंबुरा मोठा हवा, मृदंगवाल्याला व्हायोलिन हवं, रेकॉर्डिंगला सगळ्याचं समतोल मिश्रण हवं आणि थेट प्रक्षेपणाला प्रेक्षकांच्या टाळ्यांसकट हवं. ही चार वेगळी मिश्रणं आहेत, त्यांना चार बस लागतात, स्टिरिओ हवी असतील तर त्याहून जास्त. एक्स-३२ मध्ये मिक्स बस सोळा. त्यांतल्या काही रिव्हर्ब-डिलेसारख्या इफेक्टला जातात. एसक्यूमध्ये स्टिरिओ मिक्स बारा. या मर्यादा कुठलाही बॉक्स ओलांडून देत नाही.

मांडवाच्या मागच्या भागातल्या स्पीकरसाठी मात्र नवी बस अडवायची गरज नसते. तिथे मुख्य मिश्रणच हवं असतं, फक्त उशिरा. ते काम मॅट्रिक्सचं, म्हणजे तयार मिश्रणावरूनच पुढची लाइन काढणाऱ्या सोयीचं; एक्स-३२ मध्ये अशा सहा आहेत. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणून पुढच्या स्पीकरपासून वीस मीटरवर उभ्या केलेल्या स्पीकरला सुमारे ५८ मिलिसेकंदांचा डिले द्यायचा. तो दिला नाही तर मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि लोक म्हणतात मिक्सर खराब आहे. एकाच मिश्रणाच्या दोन-तीन प्रती हव्या असतील तर तीच बस दोन-तीन जॅकवर लावता येते, तेवढ्यासाठीही नवं काही विकत घ्यायचं नसतं.

‘दोन मिक्सर जोडले की दुप्पट’

दोन एक्स-३२ एईएस-५० केबलने जोडता येतात, हे खरं. तसं केल्यावर दोन्ही मिक्सर एकमेकांचे जॅक वापरू शकतात. ऐंशी चॅनेलचा एक मिक्सर मात्र तयार होत नाही. प्रत्येकाची चाळीसची मर्यादा कायम राहते. दुसऱ्यावर केलेलं मिश्रण पहिल्याच्या दोन चॅनेलवर आणलं तर एकूण माईक वाढतात, पण मग ते माईक एका माणसाच्या हाताखाली एका मिक्सरवर राहत नाहीत.

शिवाय दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जोडलेल्या सगळ्या यंत्रांत क्लॉकचा मालक एकच हवा. दोघे मालक झाले की आवाजात टिकटिक सुरू होते. आणि एकाच प्रीअ‍ॅम्पवर दोन मिक्सर बसले असतील तर गेनला हात कोणी लावायचा हे आधीच ठरवायचं. मुख्य मिक्सरवाल्याने गायकाचा गेन वाढवला की मॉनिटरवाल्याकडेही तो वाढतो आणि ऐन आलापीत शिट्टी वाजते. दुसऱ्याने फक्त डिजिटल ट्रिम वापरावी, हा साधा नियम.

‘वाय केबलने दोन माईक एकात’

करू नये. एक आवाज दोन ठिकाणी वाटायला वाय केबल चालते. दोन माईक एका जॅकवर आणले तर ते एकमेकांवर भार टाकतात आणि दोघांचाही आवाज पडतो. ऑक्स-इनमध्येही माईक थेट लावून उपयोग नाही, तिथे पुरेसा गेन नसतो आणि कंडेन्सर माईकला लागणारे ४८ व्होल्टही मिळत नाहीत. वायरलेसचा रिसीव्हर, लॅपटॉप, कीबोर्ड मात्र तिथे निर्धास्त लावावेत. वरच्या सतराच्या यादीतल्या लॅपटॉपच्या दोन लाइन अशा बाजूला काढल्या की सोळाचा मिक्सर पुन्हा पुरतो. बरेचदा ‘कमी पडतात’चं उत्तर इतकंच असतं.

आणखी एक उपाय साउंडवाले कमीपणाचा मानतात. मला तो मुळीच तसा वाटत नाही. सहा-आठ माईकांचा छोटा अ‍ॅनालॉग मिक्सर घ्यायचा, शिष्यांचे आणि तानपुऱ्यांचे माईक त्यात आणायचे, तिथे एकदा समतोल साधायचा आणि ते मिश्रण मोठ्या मिक्सरच्या एक-दोन चॅनेलवर घ्यायचं. प्रत्येक तानपुऱ्याला स्वतंत्र इक्यू मिळणार नाही. पण लावून झालेल्या तानपुऱ्याचा फेडर मैफलभर कितीदा हलतो?

राहिला ‘डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो’ हा आक्षेप. स्टेज बॉक्स आणि मिक्सर मिळून होणारा उशीर या यंत्रांत एक-दोन मिलिसेकंदांच्या घरातला. गायकापासून दोन मीटरवर ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज हवेतून यायलाच सहा मिलिसेकंद घेतो. कानातल्या मॉनिटरवर स्वतःचाच आवाज ऐकणाऱ्याला क्वचित फरक जाणवेल. बाकीच्यांनी मॉनिटर हातभर जवळ ओढला तर जवळजवळ तेवढाच उशीर वाचेल.

उपकरण विकत घेण्याआधी माहितीपत्रकातल्या मोठ्या अक्षरातल्या आकड्यावर जाऊ नका. जॅक, चॅनेल आणि बस हे तीन आकडे वेगळे लिहून काढा, आणि आपला त्यातला कोणता संपतो ते पाहा. जॅक संपत असतील तरच स्टेज बॉक्स घ्या, तोही आधी एका कार्यक्रमापुरता भाड्याने आणून. आणि त्या दिवशी दुसरी केबल वेगळ्या वाटेने टाकून ठेवा, कारण अख्खं व्यासपीठ एका केबलवर आणि बॉक्सच्या एका विजेच्या प्लगवर उभं असतं.