सत्ता गेली, शब्द राहिले

जाकार्तातील कारकून सकाळी ‘कांतोर’मध्ये जातो. त्याची मोटार बिघडली की ती ‘बेंकेल’मध्ये दुरुस्तीला जाते, आणि घरात कोणी आजारी पडले तर औषध ‘आपोतेक’मधून येते. कचेरी, गॅरेज आणि औषधालय या अर्थांचे हे तिन्ही शब्द मूळचे डच होत. अंग पुसण्याचा ‘हांदुक’ आणि ताटातील फरसबी, म्हणजे ‘बुंचिस’, हेही डचच.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१९ मध्ये बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, हे आपले ठाणे केले. तथापि डचांनी आपली भाषा सर्वसामान्य प्रजेपर्यंत नेण्याचा आग्रह फारसा धरला नाही. डच शिक्षण मूठभरांपुरते राहिले आणि प्रजेशी व्यवहार बहुतांशी मलाय भाषेतूनच चालला. साहजिकच अनेक डच शब्द पुस्तकांतून न येता कानावाटे आले आणि प्रजेच्या जिभेवर नवा आकार घेते झाले. ‘विंकेल’चा ‘बेंकेल’ झाला तो असा.

१८२४ च्या तहाने इंग्रज व डच यांनी मलाय जगताची वाटणी करून घेतली. या वाटणीची खूण भाषेवर अद्याप आहे. मोटारीच्या ब्रेकला मलेशियात ‘ब्रेक’च म्हणतात, इंडोनेशियात मात्र ‘रेम’. १९७२ मध्ये उभय देशांनी समान लेखनपद्धती स्वीकारली. परंतु शब्द निराळे ते निराळेच राहिले.

१९२८ मध्ये इंडोनेशियातील तरुणांनी मलायवर आधारलेल्या ‘बहासा इंडोनेशिया’ला एकतेची भाषा मानले. १९४२ मध्ये आलेल्या जपान्यांनी डच भाषेच्या सार्वजनिक वापरावर बंदी घातली आणि १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. राज्यकर्त्यांच्या भाषेला या राष्ट्राने निरोप दिला. तिचे रुळलेले शब्द मात्र हद्दपार केले नाहीत. यात लाचारी शोधणे अन्यायाचे ठरेल. परका शब्द अडचण भागवितो तोवर टिकतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्याचाच होऊन जातो.

भाषेच्या सोवळेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘बहासा’ हा शब्द आपल्या ‘भाषा’चाच अवतार आहे. डच सत्तेविरुद्ध ज्या शब्दाची घोषणा झाली, तो स्वातंत्र्यवाचक ‘मर्देका’ही संस्कृत ‘महर्द्धिक’ या शब्दापासून आलेला आहे. सारेच परके शब्द वगळावयाचे ठरविले असते, तर त्या राष्ट्राला स्वातंत्र्याची आरोळी ठोकण्यास स्वतःचा शब्दही उरला नसता.